दिवेलागणीनंतरचे कपडे

चकलांबा,
दि. ३ मे

चि. सौ. प्रियदर्शनीस,

वनमालाचे अनेक आशीर्वाद. धाकट्या भावाची, आदिनाथची, बायको आहेस म्हणून आशीर्वाद लिहिले. बाकी मनात काय आहे ते पुढं वाच.

पत्र बघून दचकू नकोस. फोनच केला असता, पण या घरात माझ्या माहेरचा फोन आला की सासूबाई तो स्पीकरवर टाकायला लावतात, आणि मला जे विचारायचं आहे ते त्यांच्यापुढं विचारण्यासारखं नाही.

काल दुपारी आमच्या ह्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. गावच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता. आपल्या सिरसाळ्याच्या घराची ओसरी, तिथला झोपाळा, आणि झोपाळ्यावर अण्णा. लुंगी आणि बंडीत! मी जन्मल्यापासून अण्णांना कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांशिवाय पाहिलेलं नाही. तापानं फणफणले तरी शर्टाची बटणं लावून झोपणारा माणूस. आणि त्यांच्या शेजारी, एकाच झोपाळ्यावर, आई. निळ्या फुलांच्या मॅक्सीत. पदर नाही म्हणून डोक्यावर टॉवेल घेतलेला. खाली कुणी लिहिलं होतं, बाजार समितीसाठी अण्णांचं नवं मॅक्सी पॅनल.

आधी वाटलं, निवडणुकीचे दिवस आहेत, विरोधकांनी कॉम्प्युटरवर बनवला असेल. फोटो मोठा करून बघितला, तर हातावरचं गोंदण आईचंच.

रात्री जेवताना मामंजी भिंतीकडं बघून, स्वतःचंच पूर्ण नाव घेऊन म्हणाले, की बिभीषणराव सोळंक्यांनी सोयरीक केली तेव्हा पाहुण्यांच्या घरात सिनेमा निघतो हे कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई तर दिवसभर पदरात तोंड घालून हसत होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला सांगत होत्या, की आमच्या विहीणबाईला साठीत झबलं घालायची हौस आली.

आता तूच सांग, आपल्या घरात मॅक्सी आली कुणाबरोबर? तुझ्या अंबाजोगाईच्या माहेरी संध्याकाळी सगळी मंडळी सैल कपडे घालून टीव्हीपुढं बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आपल्या खोलीत काय घालायचं ते घाल, मी कधी बोलले नाही. माझ्याकडंही एक आहे, कडी लावल्यावर घालते आणि कडी काढायच्या आधी बदलते. पण आईला कशाला या भरीला घातलंस? मी पहिल्यांदा साडी नेसले तेव्हा तिनं माझ्या पाठीला गुडघा लावून परकराची नाडी आवळली होती. आत बोट शिरता कामा नये म्हणाली. ज्या घरात बैठक भरते त्या घरच्या बाईची साडी चहाचा ट्रे घेऊन वाकताना तसूभर सरकली तरी घराची अब्रू सरकते, असं तिचं म्हणणं. त्या बाईच्या अंगावर मॅक्सी?

उत्तर पत्रानंच दे. राग उतरला की लोभ खाली शिल्लक असेलच, तोवर एवढ्यावर भागव.

तुझी वन्सं,
वनमाला


सिरसाळा,
दि. ९ मे

ती. सौ. वन्सं यांना प्रियदर्शनीचा नमस्कार वि. वि.

तुमचे रागाचे आशीर्वाद पोचले. तुमच्या भावानं पत्र आधी वाचलं आणि माझ्यापुढं ठेवून दुकानाकडं पळ काढला. म्हणजे उत्तर द्यायला मी एकटीच.

वन्सं, मॅक्सी मी आणली नाही. मामांनी आणली, तुमच्या अण्णांनी.

विश्वास बसत नाही ना? माझाही बसला नव्हता. मामा स्वतः परळीला गेले. ड्रायव्हरला नेलं नाही. आले तेव्हा काखेत काळी पिशवी अशी दाबून धरलेली, की मला वाटलं निवडणुकीचं काही असेल. ती माझ्या हातात दिली आणि छताकडं बघत म्हणाले, बघ बरं सूनबाई, हे बरोबर हाय का, कमरेला कुठं आवळत तर नाही. सासरा सुनेला असं विचारतो का कुठं? माझ्या हातातून पिशवीच पडली.

आत्यांनी, तुमच्या आईनं, त्या मॅक्सी धान्याच्या कोठीत टाकल्या आणि झाकण लावलं. मग त्या आतल्या खोलीतून बाहेरच येईनात. सकाळी सगळ्यांच्या आधी आंघोळ, आणि मग दाराला कडी. दोघांची आतल्या आत धुसफूस चालायची. जेवणाचं ताट मी दारात ठेवायची. मला वाटायचं, माझंच काही चुकलं.

मग एका संध्याकाळी मामांनी बैठकीतल्या लोकांना उठवलं आणि समोरचं दार लावून घेतलं. ते दार सुतकातसुद्धा लावलं नव्हतं, असं तुमचा भाऊ सांगतो. मामा आत गेले आणि लुंगी-बंडीत बाहेर आले. तुमच्या भावाला चहाचा ठसका लागला. मामा म्हणाले, काय बघतोस, उकडतंय. आणि त्यांच्यामागून चौकट धरून आत्या आल्या. मी कुठं बघावं ते कळेना. चुलीवरच्या दुधाकडं बघत बसले, आणि तरी ते उतू गेलं.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला दोघं तसेच बसतात. फारसं बोलत नाहीत. आत्या पहिल्या दिवशी थरथरत होत्या, आता नाहीत.

फोटो काढला तो पॅनलमधल्याच कुणीतरी. समोरचं दार बंद दिसलं म्हणून तो मागच्या फाटकानं आला. दुसऱ्या दिवशी बैठकीत हशा. तो भारत, जो मामांच्या गाडीत पुढं बसायचा, तो म्हणाला, अण्णा, लोक लई हसायलेत, काहीतरी कारण सांगा, वहिनींचं आजारपण तरी सांगा, म्हणजे आपल्याला बोलता येईल. मामा म्हणाले, कारण काही न्हाई, बैठक सकाळी भरते, सांजच्याला हे आमचं घर असतं. पॅनलचा प्रमुख आता भारत झालाय.

कारण आहे, वन्सं. मला थोडं कळलंय, पण आत्यांनी शपथ घातली आहे आणि ती मी मोडणार नाही. एवढंच लिहिते, की तुम्ही जसं समजताय तसं हे मुळीच नाही.

तुमच्या रागासकट तुम्ही मला हव्या आहात, हे ध्यानात असू द्या.

तुमची,
प्रियदर्शनी


चकलांबा,
दि. १५ मे

ती. अण्णांच्या चरणी वनमालाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला असं पत्र लिहावं लागेल हे मनात नव्हतं. लग्नानंतर तुमच्यापुढं मोठ्यानं बोलल्याचंही मला आठवत नाही. पण आता गप्प बसवत नाही.

अण्णा, तुम्हाला काय झालंय? प्रियदर्शनी म्हणते, मॅक्सी तुम्ही आणली. परळीच्या बाजारात तुम्हाला कोण ओळखत नाही? तुमची तब्येत बरी आहे ना? डोक्याला काही लागलं का? आमचे हे म्हणतात, म्हातारपणी काही लोकांचं असं होतं, डॉक्टरला दाखवा. मला ते ऐकून एवढं रडू आलं, की मी शेवटी भांड्यांचा आवाज केला.

आईला या वयात लोकांपुढं का बसवलंत? तिला नको असताना बसवलंत, हे प्रियदर्शनीच्या पत्रावरून दिसतंच आहे. लोकांनी तुमचं पद काढून घेतलं त्याचं मला काही नाही. पण आईवर हसतात ते सोसत नाही. माझ्या सासूबाई रोज नवीन काहीतरी जोडतात. परवा मुलांसमोर म्हणाल्या, की तुमच्या आजोळी आता सगळे उघडेवाघडे फिरतात, तिकडं जाऊन काय शिकणार?

तेव्हा या सुट्टीत मी येणार नाही, मुलांनाही पाठवणार नाही. हे सगळं थांबलं की कळवा, लगेच निघते.

रागावून लिहिलं, तरी तुमची आहे. पदरात घ्या.

तुमची,
वनमाला


सिरसाळा,
दि. २१ मे

चि. वनमालास अर्जुनरावांचे आशीर्वाद.

तुझं पत्र बैठकीत आलं. मी ते आत नेऊन वाचलं आणि तुझ्या आईलाही वाचून दाखवलं. ती आधी रडली आणि मग तुझ्यावर चिडली. माझं डोकं ठिकाणावर आहे. जावयांना सांग, डॉक्टर मी नुकताच पाहिला, माझ्यासाठी नव्हे.

जास्त लिहिण्याची मला मोकळीक नाही, तसा शब्द दिला आहे. पण तुझं पत्र ऐकल्यावर तुझी आई म्हणाली, लेकीला मीच सांगते. ती सांगते आहे, सूनबाई लिहिते आहे. ते पत्र सोबत आहे. ते एकटी असशील तेव्हा वाच.

यायचं की नाही ते वाचल्यावर ठरव. आंबे उतरवले आहेत, एवढं कळवतो.

तुझा,
अण्णा


सिरसाळा,
तीच तारीख

चि. वनमालाला आईचा आशीर्वाद.

हे मी सांगतेय अन् प्रियदर्शनी लिवतीय. तिला म्हणलं, मी बोलते तसंच लिव, सुद्द करत बसू नको.

तू बापाला येडं म्हणलीस. म्हण. तुला ठावं न्हाई म्हणून म्हणलीस.

वने, मला कमरेला जखम हाय. डाव्या अंगाला, जितं नाडीची गाठ येती, तितं. तुझ्या लग्नाच्या आदीपासून तितली कातडी काळी पडलेली. समद्याच बायांची असती, म्हणून मी काय मनावर घेतलं न्हाई. मग खाजायला लागलं. मग कातडी निघाली. मी हळद भरायची, तेल भरायची, वरून चिंधी ठिवायची अन् चिंधीवरूनच नाडी आवळायची. ढिली बांधून कसं चालंल? बैठकीत चार मान्सं बसलेली, वाकून चहा द्यायचा. किल्ल्याचा जुडगा बी तितंच. सांगायचं कुणाला? कमरंचं दुखणं हाय ते.

मग त्याला वास यायला लागला. मी उदबत्त्या लावायची. तुझे अण्णा म्हणले, खोलीत उंदीर मेलाय. गड्याला बोलावलं, पलंग वडला, कपाटं वडली, कोठ्या हलवल्या. समदी खोली उपसली. मी कोपऱ्यात हुबी. उंदीर काय घावला न्हाई. मग गड्याला भायेर घालवलं अन् म्या म्हणलं, आता पुरं करा, उंदीर न्हाई, मीच हाय.

त्यांनी दिवा लावून बघितलं. अन् मटकन खालीच बसले. माझा नवरा कदी असा भुईला बसलेला मी बघितला न्हवता. मी भ्याले, म्हणलं ह्यांनाच काय व्हतंय का काय. म्या पानी आणलं, ते बी प्याले न्हाईत. चाळीस वर्सं एका घरात काढली, पर मी कदी ह्यांच्यापुढं साडी सैल केली न्हाई. घरात बी न्हाई, सांजच्याला बी न्हाई. कपडे बदलायचे ते दिवा घालवून. त्यांना कळावं कसं?

अंबाजोगाईला बाई डॉक्टर हाय. ती मलाच रागावली. म्हणली, अशी नाडी आवळून आवळून जखम व्हती अन् ती जुनी झाली की कॅन्सर बी व्हतो. तपासाया तुकडा काढून घेतला. म्हणली, कमरेला नाडी न्हाई, इलास्टिक न्हाई, काय म्हंजे काय न्हाई. घरात मोकळं घालायचं. दुसऱ्या दिवशी हे परळीला गेले.

मी झबलं घालून भायेर येनार न्हाई म्हणलं. मरते हितंच. त्यांनी लई समजावलं. शेवटी मी टोमना मारला, म्हणलं, तुमी कडक पांढऱ्यात बसनार, मी आजाऱ्यावानी शेजारी, लोक माझ्याकडंच बघनार. हिंमत हाय तर तुमी बी उतरा. म्हणलं, आता तरी हा मानूस गप बसंल. तर ते आत गेले अन् लुंगी नेसून आले! मला वाटलं न्हवतं गं, हा मानूस असं करील.

जखमंचं कुनाला सांगू नका म्हणून त्यांना शपथ मीच घातली. मग फोटू निगाला. लोक हसाया लागले. माझ्यापायी त्यांचं पद गेलं. परवा म्या म्हणलं, आता सांगून टाका खरं काय ते. तर म्हणले, तुझ्या कमरंचं मी बैठकीत सांगू व्हय? हसूंदेत.

तपासनीत वंगाळ काय निगालं न्हाई. पुडच्या महिन्यात जखम कापून कातडी शिवनार हायेत. आनिक अंगावर काढलं असतं तर सांगता आलं नसतं, असं बाई म्हणल्या.

आता तुझं. तुला नाडी बांधायची म्याच शिकवली. गुडघा लावून शिकवली. हे वाचलं की दार लाव अन् उजेडात कमर बघ. हातानं चाचपू नको, डोळ्यानं बघ. अन् मला खरं कळव.

तुझ्यावर माया हाय, म्हणून रागवले.

आई

(आत्या सांगताना मधे मधे थांबत होत्या, ते लिहिलेलं नाही. – प्रियदर्शनी)


बीड,
दि. ३० मे

ती. सौ. आईस वनमालाचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी बीडच्या दवाखान्यात, सासूबाईंच्या खाटेजवळ बसून लिहिते आहे. घाबरू नकोस, मी बरी आहे. सगळं पहिल्यापासून सांगते.

तुझं पत्र मी मागच्या खोलीत वाचलं. अण्णांना मी काय काय लिहिलं ते आठवत होतं, आणि गडी खोलीभर उंदीर शोधत असताना तू कोपऱ्यात उभी दिसत होतीस. मग तू सांगितलंस तसं दार लावलं, खिडकीजवळ गेले आणि बघितलं. कमरेभोवती काळा पट्टा आहे, आई. नाडीच्या जागी कातडी बैलाच्या खांद्यावर होते तशी जाड झाली आहे. मी रोज आंघोळ करते, पण हे मला कधी दिसलं नव्हतं. जखम मात्र नाही.

दाराची कडी नीट बसली नव्हती. मी तशीच उभी असताना सासूबाई आत आल्या. आता या ओरडणार, गाव गोळा करणार, असं वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी माझ्या कमरेकडं बघितलं, हातातल्या पत्राकडं बघितलं आणि हळूच विचारलं, की विहीणबाईंची जखम कोरडी आहे का ओली?

आई, मी त्यांना तुझ्या जखमेबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

त्यांनी दार लावलं, माझ्याकडं पाठ केली आणि नाडी सोडली. जे बघितलं ते सगळं लिहीत नाही. तळहाताएवढी जागा आहे, उजव्या बाजूला, आणि तिच्यात वेचणीचा कापूस कोंबलेला. मी विचारलं, हे कधीपासून? म्हणाल्या, तू सून म्हणून यायच्या आधीपासून. मग मला संताप आला. मी विचारलं, स्वतःला हे असताना माझ्या आईवर महिनाभर हसत होता कशा? तर त्या भिंतीकडं बघून म्हणाल्या, हसले न्हाई गं, जळले. फोटूतली बाई नवऱ्याशेजारी मोकळी बसलेली बघून माझा जीव जळला. मला सांग, ती काय असं मोठं पुण्य करून आली व्हती?

मी ह्यांना सांगितलं. मामंजींना सांगायचं नाही, या अटीवरच सासूबाई यायला तयार झाल्या. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला निघायचं ठरलं. पण कमरेला काही बांधायची सोय नव्हती. मग कपाटाच्या तळातून माझी मॅक्सी काढून त्यांना घातली. अंधार आहे तोवर त्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसल्या, डोक्यावर टॉवेल घेऊन.

डॉक्टरांनी त्यांना लगेच ठेवून घेतलं. तुकडा तपासायला गेला आहे. तुझ्या डॉक्टरीणबाई बोलल्या तसं धीराचं काही ते बोलले नाहीत. फार उशीर केला, एवढंच म्हणाले, आणि यांच्याबरोबर घरातले कोणकोण आहेत ते विचारलं. सासूबाईंनी ते ऐकलं. तेव्हापासून माझा हात धरून पडून आहेत. मधेच मला विचारतात, की तिकडं झोपाळ्यावर बसल्यावर विहीणबाईंना लाज वाटायची कधी थांबली? मी काय सांगू? तूच कळव.

आदिनाथला येऊन मुलांना तिकडं न्यायला सांग, माझ्यामागं चकलांब्यात त्यांचे हाल होतात. मला मात्र आत्ता यांना सोडून येता येणार नाही. अण्णांना पत्रात नमस्कार लिहून भागणार नाही. भेटल्यावर पाय धरीन. प्रियदर्शनीला म्हणावं, मी तिच्यावर उगाच तोंड टाकलं, शपथ पाळण्यात ती माझ्यापेक्षा मोठी.

आणि एक गोष्ट डोळ्यापुढून जात नाही. निघायच्या वेळी मामंजी हातात चहाचा कप घेऊन अंगणात आले. गाडी चालू होती, मागच्या काचेतून आत बसलेली बाई दिसत होती. त्यांनी मला विचारलं, इतक्या सकाळी पाहुणी कोण आलीय? मी गाडीत जाऊन बसले, ह्यांनी तोंड फिरवलं. मामंजींनी परत विचारलं. मग ते जवळ आले, खाली वाकले आणि काचेतून आत बघितलं. गाडी फाटकातून बाहेर पडून वळली तरी मला आरशात ते दिसत होते, अंगणात, तसेच वाकलेले.

तुझ्या मायेवरच उभी असलेली,
वनमाला